०.३७५ म्हणजे ३/८, पण ०.३३ म्हणजे काय?

दशांश संख्या दिली की तिचा व्यवहारी अपूर्णांक करून देणारा प्रोग्रॅम हा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येणारा सराव आहे. बहुतेक जण तो अर्ध्या तासात हातावेगळा करतात आणि पुन्हा त्याच्याकडे वळून पाहत नाहीत. अलीकडे एका मोठ्या कामाचा भाग म्हणून मी तो नव्याने लिहिला. कोणतीही संख्या आली तरी त्याने गडबडू नये एवढीच अपेक्षा होती, पण या छोट्या प्रश्नात किती गणित दडलेले आहे हे लिहिताना जाणवत गेले आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. ०.३७५ चा अपूर्णांक कोणता, या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. ०.३३ चा अपूर्णांक कोणता, हा प्रश्न मात्र अपुरा आहे, कारण ती संख्या नेमकी तेहतीस शतांश असू शकते किंवा एक तृतीयांश दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून सोडून दिलेले असू शकते. पहिल्या अर्थाने उत्तर ३३/१००, दुसऱ्या अर्थाने १/३, आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. यांपैकी कोणते हवे आहे हे संख्येकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. ती संख्या आली कुठून हे ठाऊक असावे लागते. म्हणून असा प्रोग्रॅम लिहिताना पहिला निर्णय गणिताचा नसतो. संख्या नेमकी आहे, आवर्ती आहे की पूर्णांकन करून जवळपासची लिहिलेली आहे, हे वापरणाऱ्याकडून समजून घेण्याची सोय करणे हा तो निर्णय असतो.

नेमक्या संख्येपासून सुरुवात करू. शाळेत शिकलेली रीत येथे पुरेशी आहे: दशांश चिन्ह काढून टाकायचे, त्यानंतर जितके अंक होते तितकी शून्ये एकावर द्यायची आणि ती संख्या छेदात लिहायची. ०.३७५ चे ३७५/१००० होतात. आता अंश व छेद यांचा मसावि काढून दोघांना त्याने भागायचे. मसावि काढण्यासाठी अवयव पाडत बसण्याची गरज नाही; युक्लिडने इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास लिहून ठेवलेली भागाकाराची रीत आजच्या संगणकावरही तितकीच वेगवान ठरते. १००० ला ३७५ ने भागले की बाकी २५० उरते, ३७५ ला २५० ने भागले की १२५ उरते, आणि २५० ला १२५ ने भागले की काहीच उरत नाही. शेवटचा भाजक १२५ हाच मसावि, आणि उत्तर ३/८. अशा उत्तराच्या छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा कोणताही मूळ अवयव येऊच शकत नाही, कारण दहाचे मूळ अवयव तेवढेच आहेत. छेदात ३ किंवा ७ असलेला अतिसंक्षिप्त अपूर्णांक दशांशात लिहायला घेतला तर तो कधीच संपत नाही.

इथपर्यंतचे काम सोपे असले तरी ते बिनचूक करायला थोडे लक्ष लागते. कित्येक जण संख्येचे दशांश चिन्हापाशी दोन तुकडे करतात, दोन्ही तुकड्यांचे पूर्णांक करतात आणि मग त्यांची बेरीज करतात. ऋण संख्या आली की ही पद्धत फसते. -२.२५ चे तुकडे -२ आणि २५ असे पडतात, आणि -२ मध्ये २५/१०० मिळवले की -१.७५ हे भलतेच उत्तर येते. -०.५ ची गत याहून वाईट होते, कारण पहिला तुकडा ‘-०’ पूर्णांकात रूपांतरित होताच साधे शून्य बनतो, ऋण चिन्ह हरवते आणि उत्तर धन १/२ येते. चिन्ह अगदी सुरुवातीला वेगळे काढून ठेवावे आणि शेवटी अंशाला लावावे, हा यावरचा खात्रीचा उपाय. तशीच काळजी शून्यांची घ्यावी लागते. ३.०५ मधील ‘०५’ चा पूर्णांक ५ होतो हे खरे, पण छेद ठरवताना मोजायचे ते मूळ मजकुरातील अंक. तिथे दोन अंक आहेत, म्हणून छेद शंभर. मराठी वाचकांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘इंट’ हे मजकुराचा पूर्णांक करणारे फंक्शन देवनागरी अंकांत लिहिलेली संख्याही जशीच्या तशी वाचते, त्यामुळे देवनागरी अंकांसाठी वेगळी तजवीज करावी लागत नाही.

वरच्या परिच्छेदात मी ‘मूळ मजकूर’ म्हणालो ते जाणूनबुजून. वापरणाऱ्याने टाइप केलेली संख्या शेवटपर्यंत स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे टाइप केलेल्या चिन्हांचा मजकूर म्हणूनच हाताळावी आणि तिच्यापासून थेट पूर्णांक बनवावेत, असा माझा ठाम आग्रह आहे. ती संख्या एकदा का फ्लोटिंग पॉइंट (थोडक्यात फ्लोट) या संगणकाच्या ठरावीक अंकांच्या स्वरूपात गेली, की ती मूळची संख्या राहीलच असे नाही. आज बहुतेक संगणक आयईईई ७५४ या १९८५ साली ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे अपूर्णांक साठवतात आणि नेहमीच्या ‘डबल’ प्रकारात त्यासाठी ५३ द्विमान अंक, म्हणजे फक्त ० किंवा १ असे अंक मिळतात. द्विमान पद्धतीत पायाच २ असल्यामुळे ज्याचा छेद २ चा घात आहे तोच अपूर्णांक नेमका साठवता येतो. ०.५ आणि ०.३७५ नेमके बसतात. ०.१ बसत नाही, कारण एक दशांशाच्या छेदात ५ आहे आणि द्विमानात तो आपल्याकडच्या एक तृतीयांशासारखा न संपणारा ठरतो.

मग संगणक ०.१ च्या जागी काय ठेवतो? पायथनमधील ‘फ्रॅक्शन’ला ०.१ ही फ्लोट संख्या दिली तर ते अगदी प्रामाणिकपणे ३६०२८७९७०१८९६३९७/३६०२८७९७०१८९६३९६८ असे उत्तर देते. छेद म्हणजे २ चा ५५ वा घात. अंशाची दसपट करून पाहिली तर ती छेदापेक्षा फक्त २ ने जास्त भरते, म्हणजे ही संख्या एक दशांशाहून अगदी किंचित मोठी आहे. असे उत्तर पाहून पुष्कळ जण हे लायब्ररीतील बग असल्याचे समजतात, पण लायब्ररीने विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिलेले असते. तिच्या हाती पोहोचलेली संख्याच मुळात एक दशांश नव्हती. तीच संख्या अवतरण चिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून दिली की उत्तर १/१० येते. फरक फक्त दोन अवतरण चिन्हांचा आहे, पण माझ्या मते या विषयातली सर्वांत जास्त घोटाळे टाळणारी सवय हीच आहे.

आवर्ती दशांशाकडे वळू. कीबोर्डवर अंकांच्या डोक्यावर रेघ देता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा येणारे अंक कंसात लिहिण्याची पद्धत मी ठेवली: ०.१(६) म्हणजे ०.१६६६... असा अर्थ. याचे सूत्र सर्वांच्या ओळखीचे आहे. आवर्ती भागासह सर्व अंकांची मिळून होणारी संख्या घ्यायची, तिच्यातून अनावर्ती अंकांची संख्या वजा करायची, आणि छेदात जितके आवर्ती अंक तितके ९ व त्यापुढे जितके अनावर्ती अंक तितकी शून्ये लिहायची. ०.५८(३) साठी ५८३ मधून ५८ वजा केले की ५२५, छेद ९००, आणि संक्षेप केल्यावर ७/१२. ०.(९) दिले तर हेच सूत्र ९/९ म्हणजे १ असे उत्तर देते. ते बरोबरच आहे, त्यासाठी कोणताही अपवाद लिहू नये.

आवर्तन प्रोग्रॅमनेच अंकांकडे पाहून ओळखावे अशी अपेक्षा काही जण ठेवतात. १/३ किंवा १/७ च्या बाबतीत ते जमते, पण छेद जरा वाढला की ही वाट बंद होते. १/१७ चे आवर्तन १६ अंकांचे आहे आणि १/९७ चे ९६ अंकांचे. डबल प्रकारातील संख्येत खात्रीचे अंक पंधरा-सोळाच असतात, म्हणजे १/९७ चे एक आवर्तनही पुरते दिसत नाही. मग ते परत आले की नाही हे ओळखायचे कशावरून? पुनरावृत्ती शोधण्याचा हा नाद सोडून द्यावा. जवळपासच्या दशांशापासून मूळ अपूर्णांकापर्यंत जाण्यासाठी याहून कितीतरी चांगली रीत उपलब्ध आहे, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचा गाभा तीच आहे.

त्या रीतीसाठी नवे काही शिकावे लागत नाही. मसावि काढताना आपण फक्त बाकीकडे लक्ष देतो आणि भागाकार टाकून देतो; ते भागाकार जपून ठेवले की काम झाले. ३.१४१६ ही पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) जवळपासची किंमत घेऊ. तिचे ३१४१६/१०००० होतात. युक्लिडच्या रीतीने भागत गेल्यावर असे दिसते:

३१४१६ = ३ × १०००० + १४१६
१०००० = ७ × १४१६ + ८८
१४१६ = १६ × ८८ + ८
८८ = ११ × ८ + ०

शेवटचा भाजक ८ हा मसावि, म्हणून नेमका अपूर्णांक ३९२७/१२५०. आता प्रत्येक ओळीत मिळालेले भागाकार वरून खाली पाहा: ३, ७, १६, ११. यांपासून परंपरित अपूर्णांक, म्हणजे ज्याला कंटिन्यूड फ्रॅक्शन म्हणतात तो, तयार होतो, आणि त्याच्या प्रत्येक टप्प्यावर थांबून एकेक साधा अपूर्णांक मिळवता येतो. त्यासाठी प्रोग्रॅमने मागचे दोन अपूर्णांक लक्षात ठेवायचे. नवा अंश म्हणजे भागाकार गुणिले मागचा अंश, अधिक त्याच्याही मागचा अंश. छेदासाठीही तोच नियम. सुरुवात ०/१ आणि १/० या कृत्रिम जोडीने करायची, म्हणजे पहिल्या फेरीसाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. हा नियम लावत गेले की क्रमाने ३/१, २२/७, ३५५/११३ आणि ३९२७/१२५० असे चार अपूर्णांक हाती येतात.

पहिल्यांदा ही यादी स्वतःच्या प्रोग्रॅममधून बाहेर पडताना पाहिली की फार आनंद होतो, कारण यातला प्रत्येक अपूर्णांक गणिताच्या इतिहासात कुठे ना कुठे भेटलेला असतो. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२८३२ असल्याचे सांगितले आणि तो आसन्न, म्हणजे जवळपासचा असल्याचेही स्पष्ट केले. त्या दोन संख्यांना १६ ने भागले की ३९२७ आणि १२५० उरतात, आणि भास्कराचार्यांनी ११५० साली सूक्ष्म परिघासाठी हेच गुणोत्तर दिले, तर व्यवहारापुरता परीघ हवा असल्यास २२/७ घ्यावे असे सांगितले. मधला ३५५/११३ पाचव्या शतकात चीनमधील त्सू चुंगची यांच्या नावावर आहे. त्यात आणखी एक गंमत आहे. आपण प्रोग्रॅमला दिली ३.१४१६ ही संख्या, जी पायच्या खऱ्या किमतीपेक्षा सुमारे ०.०००००७ ने जास्त आहे. तिच्यातून निघालेला ३५५/११३ मात्र पायच्या सुमारे ०.००००००२७ फरकाने जवळ आहे, म्हणजे दिलेल्या संख्येपेक्षा जवळजवळ सत्तावीस पटींनी जवळ. पूर्णांकन करताना शिरलेली चूक शेवटच्या भागाकारात, त्या ११ मध्ये, साचून राहिली आणि त्याच्या आधीच थांबल्यामुळे ती टळली.

म्हणजे कळीचा प्रश्न थांबायचे कुठे हा आहे. याची उदाहरणे संगणकापूर्वीच्या काळातही सापडतात. सतराव्या शतकात क्रिस्तियान हॉयगन्स याने ग्रहांची गती दाखवणारे यंत्र बनवताना शनी आणि पृथ्वी यांच्या गतींचे गुणोत्तर ७७७०८४३१/२६४०८५८ असे धरले होते. एवढ्या दातांची चाके कोणी कापू शकत नाही, म्हणून त्याने हीच भागाकारांची रीत वापरून २०६/७ हे गुणोत्तर निवडले. पुढे १८६१ मध्ये अशील ब्रोको या फ्रेंच घड्याळजीने दंतचक्रांच्या याच अडचणीसाठी दोन अपूर्णांकांचे अंश एकत्र, छेद एकत्र मिळवून मधला अपूर्णांक काढत जाण्याची पद्धत मांडली. तीन वर्षे आधी जर्मन गणितज्ञ मोरिट्झ स्टर्न स्वतंत्रपणे तिथपर्यंत पोहोचला होता, म्हणून आज त्या रचनेला दोघांचे नाव आहे. छेद किती मोठा चालेल हे दोन्ही ठिकाणी कामाच्या गरजेने ठरवले आहे, गणिताने नव्हे. प्रोग्रॅममध्येही छेदाची मर्यादा वापरणाऱ्याने सांगावी हे मला त्यामुळेच योग्य वाटते.

मर्यादा आली की एक बारकावा येतो, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक प्रोग्रॅममध्ये नेमका तोच राहून गेलेला दिसतो. ३.१४१६ साठी छेद शंभराच्या आत हवा असे सांगितले तर हे प्रोग्रॅम ३५५/११३ मर्यादेबाहेर गेलेला पाहून मागे येतात आणि २२/७ हे उत्तर देतात. ते चुकीचे आहे. २२/७ आणि ३५५/११३ या टप्प्यांच्या दरम्यान आणखी काही अपूर्णांक असतात. भागाकार १६ होता, त्याऐवजी त्याहून लहान संख्या वापरून तोच नियम लावला की ते मिळतात. १४ घेतले तर अंश १४ × २२ + ३ म्हणजे ३११ आणि छेद १४ × ७ + १ म्हणजे ९९. हा ३११/९९ अपूर्णांक ३.१४१६ पासून सुमारे ०.०००१९ दूर आहे, तर २२/७ सुमारे ०.००१२६ दूर. शंभराच्या आतले योग्य उत्तर म्हणून ३११/९९ आहे. अर्थात मधला अपूर्णांक नेहमीच सरस ठरतो असेही नाही. मर्यादा १० असेल तर १ घेऊन २५/८ मिळतो आणि तो २२/७ पेक्षा खूपच वाईट आहे. २२/७ ला पहिल्यांदा मागे टाकतो तो १७९/५७, आणि तोही अगदी थोड्या फरकाने. छेद ५६ पर्यंत कितीही शोधले तरी २२/७ हून जवळचा अपूर्णांक सापडत नाही. म्हणून मर्यादा ओलांडली जाताच दोन उमेदवार तयार करायचे, शेवटचा पूर्ण टप्पा आणि मर्यादेत बसणारा सर्वांत मोठा मधला टप्पा, आणि दोघांतला जो जवळ असेल तो द्यायचा. पायथनचे ‘लिमिट डिनॉमिनेटर’ हे फंक्शन हेच करते आणि मर्यादा सांगितली नाही तर दहा लाख धरते. ही तुलनाही पूर्णांकांतच करावी. फ्लोटमध्ये केली तर इतक्या कष्टाने जपलेली अचूकता शेवटच्या ओळीत वाया जाते.

काही वेळा वापरणारा छेदाची मर्यादा सांगू शकत नाही, पण संख्या किती स्थळांपर्यंत पूर्णांकित आहे हे त्याला माहीत असते. ०.२९ असे लिहिले असेल तर खरी किंमत ०.२८५ आणि ०.२९५ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. या पट्ट्यातला सर्वांत लहान छेदाचा अपूर्णांक शोधण्याची युक्ती मला विशेष आवडते. पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे भागाकार शेजारी शेजारी काढायचे: ०.२८५ चे ०, ३, १, ... आणि ०.२९५ चे ०, ३, २, ... असे निघतात. जोवर दोन्हीकडे सारखे आहेत तोवर ते तसेच घ्यायचे, आणि जिथे पहिल्यांदा फरक पडेल तिथे लहान भागाकारात एक मिळवून थांबायचे. येथे ०, ३, २ असे मिळतात आणि त्यांचा अपूर्णांक २/७. पडताळून पाहा: २/७ म्हणजे ०.२८५७..., दोन स्थळांपर्यंत ०.२९. (फरक पडेल त्याआधीच एखाद्या टोकाचे भागाकार संपले तर ती परिस्थिती वेगळी हाताळावी लागते, कारण मग ते टोक स्वतःच उत्तर असू शकते.)

आता मघाशी अडलेल्या १/९७ कडे परत जाऊ. आठ स्थळांपर्यंत त्याची किंमत ०.०१०३०९२८ अशी लिहिली जाते आणि या अंकांत आवर्तनाचा मागमूसही दिसत नाही. भागाकार काढले तर ०, ९६, १ आणि त्यानंतर एकदम ६४४३२ असे येतात. दुसऱ्या टप्प्यावर १/९६ मिळतो, तिसऱ्यावर १/९७, आणि चौथ्यावर ६४४३३/६२५००००, जो लिहिलेल्या दशांशाचा नेमका अपूर्णांक आहे. लहान लहान भागाकारांच्या मागोमाग असा एखादा प्रचंड भागाकार आला की त्याच्या आधीच्या टप्प्यावरचा अपूर्णांक विलक्षण जवळचा असतो. एखाद्या टप्प्यावरील छेदाच्या वर्गाला पुढच्या भागाकाराने गुणून त्याचा व्यस्त घेतला, तर त्या टप्प्याची चूक त्याहून लहान असते हे सिद्ध करता येते. भागाकार मोठा म्हणजे चूक छोटी. पुन्हा पुन्हा येणारे ९६ अंक शोधण्याऐवजी चार भागाकार पुरे झाले.

एवढे सगळे केल्यावर मिळालेल्या अपूर्णांकावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. याचे एक सुंदर उत्तर आहे. ज्यांचे छेद ‘न’ पेक्षा मोठे नाहीत असे दोन वेगळे अपूर्णांक एकमेकांपासून किमान १/न² इतके दूर असतात, कारण त्यांची वजाबाकी केली की अंश किमान १ येतो आणि छेद न² पेक्षा मोठा होत नाही. आठ स्थळांच्या पूर्णांकित संख्येचा पट्टा एकावर आठ शून्ये दिलेल्या संख्येने एकाला भागावे इतक्या रुंदीचा असतो. त्यामुळे न दहा हजार असेपर्यंत त्या पट्ट्यात एकापेक्षा जास्त अपूर्णांक मावूच शकत नाहीत. दशांश स्थळे निम्मी करा, तितकी शून्ये एकावर द्या, आणि तिथपर्यंतच्या छेदाचे उत्तर मिळाले तर ते एकमेव असते: चार स्थळांसाठी शंभर, सहासाठी हजार, आठसाठी दहा हजार.

मात्र उत्तर एकमेव आहे म्हणजे ते खरे आहे असे समजू नये, आणि हा भेद फार थोड्या ठिकाणी समजावून सांगितलेला आढळतो. ० ते १ च्या दरम्यान दहा हजारपर्यंतच्या छेदाचे वेगवेगळे अपूर्णांक सुमारे ३ कोटी ४ लाख आहेत. आठ स्थळांच्या दशांश संख्या दहा कोटी आहेत, आणि प्रत्येक अपूर्णांक त्यांतल्या वेगळ्या संख्येवर पडतो. याचा अर्थ असा, की कोणतेही आठ अंक सहज, मनाला येतील तसे लिहिले तरी त्यांच्याशी जुळणारा एखादा अपूर्णांक सापडण्याची शक्यता जवळजवळ तीस टक्के आहे. छेद शंभरच्या आतला असेल तर गोष्ट निराळी. असे अपूर्णांक तीन हजारांहून थोडेच अधिक आहेत आणि योगायोगाने जुळण्याची शक्यता लाखात तीन इतकीच उरते. ०.०१०३०९२८ वरून १/९७ निघाला तर तो मी निर्धास्तपणे स्वीकारीन; त्याच आठ अंकांवरून छेद ८,००० च्या घरातला निघाला तर तो एक अंदाज म्हणूनच वापरणाऱ्यापुढे ठेवीन. म्हणून माझा प्रोग्रॅम नुसता अपूर्णांक दाखवत नाही. त्याच्यासोबत दिलेल्या संख्येपासूनचा फरक आणि त्या अंकसंख्येसाठी छेद किती मोठा होईपर्यंत उत्तर एकमेव धरता येते ती मर्यादा, अशा दोन गोष्टी तो छापतो.

यामुळे त्याला नकार देणेही शक्य झाले, आणि मला ती त्याची सर्वांत उपयोगी क्षमता वाटते. १.४१४२१३५६ ही संख्या पाहा. ती दोनच्या वर्गमुळाची किंमत आहे, पण प्रोग्रॅमला ते माहीत नाही. भागाकार काढले की १ नंतर २, २, २ अशी रांग लागते आणि ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९, ९९/७० असे टप्पे येत राहतात. त्यांतला एकही आठही अंकांशी जुळत नाही. ८११९/५७४१ जवळ येतो, पण आठ स्थळांपर्यंत लिहिला तर त्याचा शेवटचा अंक ५ येतो, ६ नव्हे. दहा हजारपर्यंतच्या छेदाचा एकही अपूर्णांक या पट्ट्यात नाही, आणि पट्ट्यात बसणारा सर्वांत लहान छेदाचा अपूर्णांक १९६०१/१३८६० हा आहे. अशा वेळी प्रोग्रॅम तो अपूर्णांक दाखवतो, छेद मर्यादेबाहेर असल्याचे सांगतो आणि दिलेल्या अंकांवरून ही संख्या साध्या अपूर्णांकाची असल्याचे म्हणता येत नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहितो.